तंबू कोठे ठोकाल?



बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एक जुना वाद नव्याने सुरू होतो. आईवडील विचारतात, 'महाविद्यालयाचे नाव मोठे आहे ना? पुढे नोकरीची शाश्वती आहे ना?' मुले विचारतात, 'तेथले वातावरण कसे आहे? वसतिगृह कसे आहे? संमेलने होतात का?' यावर वडीलधारी मंडळी म्हणतात, 'शिकायला जायचे आहे की मौज करायला?' आणि विषय तेथेच मिटतो.

वास्तविक तो तेथे मिटू नये. मुलांचा प्रश्न पोरकट वाटला, तरी त्याच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. 'ही तीन-चार वर्षे मी कोणाच्या सहवासात काढणार?'

चेन्नईचेच उदाहरण घ्या. महाराष्ट्रातून तेथे शिकायला जाणाऱ्या ख्रिस्ती तरुणापुढे कितीतरी दारे उघडी असतात. तांबरमचे मद्रास ख्रिश्चन कॉलेज, १९१५ साली सुरू झालेले विमेन्स ख्रिश्चन कॉलेज, १९२५ चे लोयोला, १९४७ चे स्टेला मॅरिस. शिवाय 'सारंग' महोत्सवासाठी गाजलेली आयआयटी आहेच. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, तर कशावरून ठरवावे?

उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायात अशाच एका निवडीचा प्रसंग आहे. अब्रामाने आपल्या पुतण्याला आधी निवड करू दिली. लोटाने दृष्टी टाकली, तेव्हा यार्देनेच्या काठचा हिरवागार, भरपूर पाण्याचा प्रदेश त्याला दिसला. कळपांसाठी पाणी हवे असणे हे पाप नव्हे. लोटाने जमीन पाहिली, पण शेजार पाहिला नाही, हीच त्याची चूक झाली. आरंभी त्याचा तंबू सदोमाच्या जवळपास होता. पुढे तो त्या नगराच्या वेशीत बसलेला आढळतो. मनुष्य एका दिवसात बदलत नाही. ज्यांच्या शेजारी तो राहतो, त्यांच्यासारखा तो नकळत होत जातो.

संमेलनाची रोषणाई पाहून महाविद्यालय निवडणारा तरुण लोटासारखी जमीनच पाहत असतो. परंतु केवळ पगाराचे आकडे पाहून निवड करणारे आईवडीलही तेच करीत असतात, हे आपण विसरू नये.

सहवास हा शिक्षणाचाच भाग आहे, हे आपल्या पूर्वसूरींनी ओळखले होते. १८३७ साली एका लहान शाळेच्या रूपाने आरंभ झालेले मद्रास ख्रिश्चन कॉलेज शंभर वर्षांनी, १९३७ साली, शहराच्या गजबजाटातून तांबरमच्या विस्तीर्ण जागेत गेले. तेथे सेलैयूर, सेंट थॉमस आणि बिशप हेबर ही निवासगृहे उभी राहिली. विद्यार्थ्यांनी केवळ व्याख्यानापुरते न येता एकत्र राहावे, जेवावे, खेळावे, हा त्यामागील हेतू होता. सर्व धर्मांचे विद्यार्थी तेथे शिकत आले. पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. राधाकृष्णन हे याच कॉलेजचे विद्यार्थी. ख्रिस्ती टीकाकारांच्या आक्षेपांमुळे आपण हिंदू तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाकडे वळलो, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. चांगली सोबत म्हणजे केवळ आपल्यासारख्यांचीच सोबत नव्हे, हे यावरून ध्यानी येते.

आता आपल्याच मातीतील एका कन्येकडे पाहू. कृपाबाई सत्यनाथन यांचा जन्म १८६२ साली अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे झाला. त्यांचे आईवडील ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले होते. कृपाबाईंना डॉक्टर व्हायचे होते. त्यासाठी इंग्लंडला जाण्याचा विचार चालला होता. पण प्रकृती नाजूक असल्यामुळे तो बेत राहिला आणि १८७८ साली त्या मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. स्त्रियांसाठी ते दार उघडून जेमतेम तीन वर्षे झाली होती. परक्या भाषेच्या त्या नगरात रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन आणि त्यांच्या पत्नी ॲना यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. ॲनाबाई स्त्रीशिक्षणाच्या कार्यात अग्रेसर होत्या.

पहिल्या वर्षी कृपाबाईंना अभ्यासात उत्तम यश मिळाले. मात्र त्यानंतर प्रकृतीने साथ सोडली आणि वैद्यकीय शिक्षण अर्धवट राहिले. जगाच्या हिशेबाने ते वर्ष वाया गेले. परंतु त्या घराशी जुळलेले नाते तुटले नाही. पुढे त्याच घरातील सॅम्युएल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. उटकमंडला त्यांनी मुसलमान मुलींच्या शिक्षणासाठी काम केले. 'सगुणा' ही त्यांची आत्मचरित्रपर इंग्रजी कादंबरी १८८७-८८ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. १८९४ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्या प्रभूकडे गेल्या. मद्रासने त्यांना पदवी दिली नाही. पण तेथे लाभलेल्या माणसांनी त्यांचे उर्वरित आयुष्य घडविले.

म्हणून तरुण मित्रांनो, वातावरणाची चौकशी अवश्य करा. मात्र योग्य ती चौकशी करा. मी दोन दिवस भोजनगृहात दिसलो नाही, तर कोणाच्या लक्षात येईल का? नवागताला तेथे जवळ घेतात की छळतात? हा प्रश्न साधा नाही. १९९६ साली तामिळनाडूत एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये बळी गेला आणि १९९७ साली त्या राज्याला रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला. तेथे वेगळ्या भाषेचे, वेगळ्या जातीचे विद्यार्थी एका पंक्तीला बसतात का, हेही विचारा. रविवारी मंडळीत जाण्याची सोय आहे का, हेही पाहा.

आणि शेवटी एक प्रश्न स्वतःलाच विचारा : 'मी कोणाची सोबत होईन?' बाबेलच्या राजवाड्यात शिकायला नेलेल्या दानीएलाला तेथील वातावरण निवडता आले नव्हते. त्याची भाषा बदलली, नावही बदलले. परंतु तो आणि त्याचे तीन सोबती एकमेकांना धरून राहिले, एकत्र प्रार्थना करीत राहिले. सहभागिता त्यांना राजाने पुरविली नव्हती. ती त्यांनी स्वतः जपली होती.

आईवडिलांनो, आपणासही एक विनंती. प्रवेशद्वारावर 'ख्रिस्ती' हे नाव आहे, एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. ते नाव आपल्या प्रार्थनेची आणि विचारपुशीची जागा घेऊ शकत नाही. दर आठवड्याला मुलाशी बोलताना गुणांची चौकशी करण्याआधी त्याच्या मित्रांची नावे विचारा. त्या नावांसाठीही प्रार्थना करा.

यंदा आपल्या मंडळीतील कितीतरी मुले पेट्या भरून दूरच्या नगरी निघतील. प्रभू त्यांना चांगला शेजार देवो. आणि त्यांच्या खोलीशेजारी एखादा एकटा, घाबरलेला, घरच्या आठवणीने व्याकूळ झालेला विद्यार्थी असेल, तर त्याचे दार आधी ठोठावण्याची बुद्धी प्रभू आपल्या मुलांना देवो. आमेन.