ग्रहणाची वेळ आणि ग्रहणाचे फल

शेलूबाजारासारख्या बाजारच्या गावी पंचांगास जो मान आहे तो निष्कारण नव्हे. ता. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री सुमारे अकरा वाजता चंद्रबिंब पूर्णपणे छायेत शिरले व ८२ मिनिटे तसेच राहिले. ही वेळ आधीच वर्तविलेली होती, आणि ती खरी ठरली. परंतु ग्रहणाच्या वेळेसोबतच अमुक राशीस शुभ, अमुक राशीस अनिष्ट, असे फलही सांगितले जाते. तेव्हा विचारी वाचकांनी स्वतःस एक प्रश्न करावा : ज्याची वेळ खरी, त्याचे फलही खरे मानावे काय?

वेळ गणिताने निघते. चंद्रावर पृथ्वीची छाया पडली म्हणजे चंद्रग्रहण होते, हे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारासच लिहून ठेविले. चंद्राचा मार्ग सुमारे ५ अंश कललेला आहे, म्हणून दर पुनवेस ग्रहण होत नाही. सूर्याचा व चंद्राचा मार्ग जेथे एकमेकांस छेदितात त्या दोन बिंदूंसच राहू व केतू अशी नावे आहेत. हे गणित चुकले तर ती चूक सर्वांस दिसते. फलाचे तसे नाही. अनिष्ट घडले तर भाकीत खरे ठरले. न घडले तर दानाने टळले. जे कधी खोटे ठरूच शकत नाही, त्याने आपणांस काही कळविले असे कसे म्हणावे?

ता. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजयदुर्गावरून सोलापूर जिल्ह्यातील जेऊर व पुढे वर्ध्याकडील पुलगाव अशी गेली. विजयदुर्गास नॉर्मन लॉकियर व जेऊरास पुण्याचे प्रोफेसर नायगमवाला दुर्बिणी लावून बसले होते. पुढे १८९९-१९०० चा घोर दुष्काळ पडला. त्याचा दोष ग्रहणास देणे सोपे होते. परंतु जेथे ती खग्रास छाया पडलीच नाही, त्या गुजरातेसही दुष्काळाने अतिशय पिडिले. आणि मुंबईत प्लेग आला तो १८९६ साली, म्हणजे ग्रहणाच्या आधीच. दुष्काळ आला तो पाऊस न पडल्यामुळे.

हा वाद केवळ विद्वानांचा असता तर तो त्यांजवर सोपविता आला असता. परंतु फलाचे ओझे दुर्बळांवर पडते. सात महिन्यांच्या गर्भवतीस वेधापासून मोक्षापर्यंत अन्नपाण्यावाचून कोंडून ठेवितात, आणि मूल दुभंगलेल्या ओठाचे जन्मले तर ग्रहणात विळी का धरिलीस म्हणून तिलाच विचारितात. वास्तविक ओठ जुळतो तो गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात. सातव्या महिन्यातील ग्रहणाने तो कसा फाटेल? पूर्वी ग्रहण लागले म्हणजे ‘दे दान, सुटे गिराण’ अशी हाक मारीत फिरणे गावाने मांग बांधवांकडे लाविले होते. ज्यास वर्षभर वेशीबाहेर ठेविले, त्यासच त्या घटकेपुरते राहूचा वाटेकरी मानून सूपभर धान्य घातले. ते दान त्याच्या भुकेसाठी नव्हते, देणाऱ्याच्या भयासाठी होते.

तर बंधुभगिनींनो, पंचांगातून वेळ अवश्य घ्यावी. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहू नये, कारण तो धोका खरा आहे; दृष्टी कायमची अधू होते. चंद्रग्रहण मुलांबाळांसह अंगणात बसून खुशाल पाहावे. घरातील गर्भवतीस वेळेवर जेवू घालावे. आणि कोणाचे मूल व्यंग घेऊन आले असल्यास ग्रहणाची चौकशी न करिता त्या आईस इस्पितळाची वाट दाखवावी. दुभंगलेला ओठ शस्त्रक्रियेने जुळतो.