जबाब कोणी द्यायचा?



‘यूएसएस इंडियानापोलिस : मेन ऑफ करेज’ हा इंग्रजी युद्धपट २०१६ साली निघाला. दिग्दर्शक मारिओ व्हॅन पीबल्स, कप्तानाच्या भूमिकेत निकोलस केज. आपल्या युवकांपैकी काही जणांनी तो पाहिला आणि मिस्सानंतर आम्हांला सरळच विचारले, ‘‘फादर, जहाज बुडाले त्यात कप्तानाची चूक होती की नव्हती?’’ चर्चच्या अंगणात उभ्या उभ्या द्यावे असे हे उत्तर नाही. म्हणून या पानावर थोडे सविस्तर लिहीत आहोत.

चित्रपट म्हणून तो काही फार मोठा नाही. शार्क माशांवर नको तितका वेळ खर्च झाला आहे आणि एकाच मुलीवर प्रेम करणाऱ्या दोन खलाशांची गोष्ट नसती तरी चालले असते. पण त्यामागची घटना खरी आहे आणि ती मनातून लवकर जात नाही.

कप्तान चार्ल्स मॅकव्हे यांची ही युद्धनौका २६ जुलै १९४५ रोजी पॅसिफिक महासागरातील टिनियन बेटावर पोहोचली. तिच्यावर हिरोशिमावर टाकायच्या अणुबाँबचे भाग होते. आपण काय वाहून नेत आहोत हे खुद्द कप्तानालाही सांगितलेले नव्हते. पुढे ग्वामहून ती फिलिपिन्समधील लेयतेकडे निघाली. सोबत संरक्षक नौका द्यावी ही मॅकव्हे यांची विनंती मान्य झाली नाही. त्या भागात जपानी पाणबुड्या वावरत आहेत ही गुप्त माहिती वरिष्ठांपाशी होती, ती त्यांच्यापर्यंत आली नाही. ३० जुलैला मध्यरात्र उलटताच आय-५८ या पाणबुडीचे दोन टॉर्पेडो आदळले आणि १२ मिनिटांत जहाज तळाला गेले. जहाजावर सुमारे १२०० माणसे होती. त्यांतली सुमारे ३०० जहाजाबरोबरच गेली, बाकीची पाण्यात पडली.

जहाज ३१ जुलैला लेयतेला पोहोचायला हवे होते. ते आले नाही, आणि कोणी विचारलेही नाही. २ ऑगस्टला गस्तीवरच्या एका विमानाला योगायोगाने पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, म्हणून शोध लागला. शेवटी ३१६ जण वाचले. त्या दिवसांत जहाजावरचे कॅथोलिक धर्मगुरू फादर थॉमस कॉन्वे एका घोळक्याकडून दुसऱ्या घोळक्याकडे पोहत जात होते, प्रार्थना म्हणत होते, मरणाऱ्यांचे पापनिवेदन ऐकत होते. मदत पोहोचण्याआधीच ते स्वतः दमून गेले आणि वारले. अमेरिकेच्या नौदलाने त्यांना ‘नेव्ही क्रॉस’ हा सन्मान दिला तो २०२१ च्या जानेवारीत.

डिसेंबर १९४५ मध्ये मॅकव्हे यांच्यावर वॉशिंग्टन येथे लष्करी खटला भरला. जहाज सोडण्याचा हुकूम वेळेवर दिला नाही, या आरोपातून ते सुटले. दुसरा आरोप असा की, टॉर्पेडोचा नेम चुकावा म्हणून जहाज नागमोडी चालवायचे असते, तसे त्यांनी चालवले नाही. वास्तविक ते कप्तानाच्या विवेकावर सोडलेले होते आणि त्या संध्याकाळी नीट दिसत नसल्याने त्यांनी नागमोडी चाल थांबवली होती. सरकार पक्षाने चक्क आय-५८ चे कप्तान मोचित्सुरा हाशिमोतो यांनाच साक्षीसाठी जपानहून आणले. युद्ध संपून चार महिनेही उलटले नव्हते. हाशिमोतो यांनी सांगितले की, जहाज नागमोडी चालले असते तरी फरक पडला नसता. तरीही मॅकव्हे दोषी ठरले. न्यायालयाने दयेची शिफारस केली, १९४६ मध्ये शिक्षा माफही झाली, पण दोष कागदावर राहिला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांनी केलेला एक भेद आम्हांला शिकवला जातो. दोष लागायला माणसाला माहीत असावे लागते आणि त्याच्या इच्छेचा सहभाग असावा लागतो. जे अज्ञान प्रयत्न करूनही दूर करता आले नसते, त्याचा दोष माणसावर येत नाही. या मापाने मॅकव्हे यांच्या पदरात फारसे काही पडत नाही. चित्रपटही त्यांचीच बाजू घेतो.

पण मग त्यांनी ‘माझा काही संबंध नाही’ असे म्हणून घरी जावे का? आपल्या कोळी बांधवांना विचारा. बोटीवर काही झाले तर बंदरावर लोक आधी तांडेलाकडे येतात. वारा त्याने आणलेला नसतो. तरी तो समोर येतो, मेलेल्याच्या घरी जातो, काय झाले ते सांगतो. न जाणाऱ्या तांडेलाला आपण काय म्हणू? बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ साली असेच एक उदाहरण दिले होते. एका ट्रकचालकाच्या गाडीखाली मूल येते, त्याची काहीही चूक नसताना. आपण त्याला समजावतो, ‘तुझा दोष नाही’. पण तो लगेच ‘हो, खरेच’ म्हणून जेवायला बसला, तर आपल्यालाच कसेसे होईल.

आपली भाषा येथे आपल्याला मदत करते. ‘जबाबदारी’ या शब्दात जबाब आहे, ‘उत्तरदायित्व’ या शब्दात उत्तर आहे. जबाबदार माणूस म्हणजे ज्याच्याकडे उत्तर मागता येते तो. अपराधी माणूस वेगळा. मॅकव्हे जबाबदार होते आणि त्यांनी जबाब दिला, न्यायालयात दिला, पुढे आयुष्यभर दिला. आमची तक्रार त्यांना उभे केले याबद्दल नाही. तेवढ्या एकालाच उभे केले, याबद्दल आहे. संरक्षक नौका नाकारणारे, माहिती दाबून ठेवणारे, न आलेल्या जहाजाची चौकशी न करणारे यांचा जबाब कोठे आहे? काही अधिकाऱ्यांवर लेखी ताशेरे ओढले गेले, ते पुढे मागे घेतले गेले. मिस्साच्या आरंभी आपण जी पापकबुली देतो, तिच्यात कर्तव्यातील कुचराईही असते. लेयतेच्या बंदरावर नेमके तेच पाप घडले होते, आणि ते कोणा एकाचे नव्हते.

आपण ‘बळीचा बकरा’ म्हणतो. लेवीय १६ मध्ये बकऱ्याला रानात सोडण्याचा विधी आहे. तो नीट वाचला तर एक गोष्ट दिसते. प्रमुख याजक आधी बकऱ्यावर हात ठेवून साऱ्या लोकांची पापे उघड कबूल करतो, मग बकरा जातो. वॉशिंग्टनमध्ये बकरा गेला, कबुली झालीच नाही.

आणि त्या न्यायालयाने जहाजातल्या मालाविषयी एक शब्दही विचारला नाही. जहाज सरळ चालले की नागमोडी याची चर्चा झाली. त्या मालाने हिरोशिमात १९४५ च्या अखेरीपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली असा अंदाज आहे. अख्खी शहरे नष्ट करणे हा देव व मानव यांच्याविरुद्ध अपराध आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट सांगितले. त्याचा जबाब मॅकव्हे यांच्याकडे मागता येणार नाही, त्यांना ठाऊकच नव्हते. ज्यांना ठाऊक होते त्यांच्याकडे कोणी मागितला नाही.

मेलेल्या खलाशांच्या काही आईबापांनी मॅकव्हे यांना पत्रे लिहिली. वर्षानुवर्षे, नाताळातसुद्धा. तुम्ही आमचा मुलगा मारलात, अशा अर्थाची. चित्रपटात हे आहे आणि तो भाग आम्हांला सर्वांत खरा वाटला. त्या आईबापांना आम्ही दोष देणार नाही. मयताच्या घरी बसताना आम्ही हे नेहमी पाहतो. दुःखाला कोणाचा तरी चेहरा हवा असतो, मग तो डॉक्टरचा असो, सुनेचा असो की धाकट्या भावाचा. ‘त्याने वेळेवर नेले असते तर’. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली, तेव्हाही लोक अपराधी शोधत होते, आणि प्रभूने त्यांची दृष्टी त्यांच्याकडेच वळवली (लूक १३).

६ नोव्हेंबर १९६८ रोजी मॅकव्हे यांनी आपल्या घरी स्वतःवर गोळी झाडून घेतली. हातात एक खेळण्यातला खलाशी होता. अशा मृत्यूविषयी आपल्याकडे अजूनही कुजबूज चालते, म्हणून मुद्दाम सांगतो. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात ख्रिस्तसभा म्हणते की, तीव्र मानसिक यातना माणसाची जबाबदारी कमी करतात, आणि अशांच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते.

भारतीय नौदलाची ‘खुकरी’ ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजावरच राहिले, त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. त्यांच्या धैर्यापुढे आपण नतमस्तक होतो. पण कधी कधी वाटते, बुडणाऱ्या कप्तानाला आपण जे सहज देतो, ते वाचलेल्या कप्तानाला द्यायला आपल्याला इतके जड का जाते? जगणे हाच जणू त्याचा गुन्हा.

ज्यांना बोट दाखवायचा खरा हक्क होता, त्या वाचलेल्या खलाशांनी मात्र ते कधी दाखवले नाही. १९६० साली त्यांच्या पहिल्या मेळाव्याला मॅकव्हे आले, तेव्हा त्यांनी आपल्या कप्तानाचे सन्मानाने स्वागत केले आणि पुढे दशकानुदशके त्यांच्या नावासाठी झगडत राहिले. ‘जॉज’ चित्रपटात या जहाजाचा उल्लेख ऐकून फ्लोरिडातील हंटर स्कॉट या १२ वर्षांच्या मुलाने १९९६ साली शाळेचा प्रकल्प म्हणून हा विषय घेतला, तेव्हा कोठे अमेरिकन संसदेला जाग आली. हाशिमोतो तोवर शिंतो पुरोहित झाले होते. १९९९ साली त्यांनीही अमेरिकन सिनेटर जॉन वॉर्नर यांना पत्र लिहिले, की मॅकव्हे यांना दोषी का धरले हे आपल्याला कधीच कळले नाही.

चित्रपटात खटल्यानंतर हे दोघे कप्तान समोरासमोर येतात. मॅकव्हे यांना निर्दोष म्हणणाऱ्या ठरावावर अध्यक्ष क्लिंटन यांची सही झाली ३० ऑक्टोबर २००० रोजी. हाशिमोतो पाच दिवस आधी, २५ तारखेला वारले होते.