मागील पानावरून पुढें

गेल्या महिन्यांत यवतमाळच्या दत्त चौकाजवळील एका दुकानांत मीं नवा मोबाईल घेतला. जुन्याची कांच तडकली होती, बॅटरी दुपारपर्यंतहि टिकत नसे, आणि त्यांतील जागा इतकी भरून गेली होती कीं, एखादें नवें छायाचित्र घ्यावयाचें तर आधीं एखादें जुनें पुसावें लागे. दुकानांतील तरुणानें दोन्ही फोन शेजारीं शेजारीं ठेवले आणि विचारलें, "काका, सगळाच डेटा घेऊं का जी, कीं तुम्ही निवडून देतां?" मीं क्षणाचाहि विचार न करतां "सगळाच घे" असें सांगितलें. निवडण्यास वेळ लागला असता. न निवडण्यास कांहींच लागत नव्हतें. पाऊण तासानें काम झालें. परंतु त्याचा तो साधा प्रश्न मात्र मजबरोबर घरीं आला. मनुष्य एका घरांतून दुसऱ्या घरांत, एका वयांतून दुसऱ्या वयांत जातो, तेव्हां त्यानें बरोबर काय न्यावें आणि मागें काय ठेवावें, हा प्रश्न फार जुना आहे. त्या तरुणानें तो नव्या भाषेंत विचारला, इतकेंच.

प्रथम हें 'नेणें' म्हणजे काय तें पाहूं. आपण डेटा 'हलविला' असें म्हणतों. पण हा शब्द फसवा आहे. पेटी हलविली म्हणजे जुनी जागा रिकामी होते. येथें तसें होत नाहीं. नव्या यंत्रांत हुबेहूब नक्कल उमटते आणि मूळ जेथल्या तेथें राहतें. नांवें व नंबर खात्यामार्फत उतरतात. छायाचित्रें तारेनें किंवा वायफायनें जातात. व्हॉट्सॲपवरील संभाषणें २०२३ पासून दोन फोन जवळ धरून, एकाच्या पडद्यावरील क्यूआर चौकोन दुसऱ्याला वाचावयास लावला कीं, थेट पलीकडे जातात. एक गोष्ट मात्र अशी नकलून येत नाहीं. यूपीआयनें पैसे देण्याची सोय नव्या फोनांत आपोआप चालूं होत नाहीं. ज्या नंबराला बँकेचें खातें जोडलेलें आहे, त्याच नंबराच्या सिमवरून संदेश जाऊन या नव्या यंत्राची ओळख पटवावी लागते. चित्राची नक्कल होते, पत्त्याची होते. विश्वासाची होत नाहीं. तो ज्याचा त्यानें नव्या जागीं पुन्हां सिद्ध करावा लागतो.

सर्वच बरोबर न्यावें, असें म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी नाहीं. उद्यां कोणती वस्तु उपयोगीं पडेल हें आज कोणास सांगतां येतें? आमच्या या कापसाच्या जिल्ह्यांत तर पुष्कळ घरांची अर्धी कागदपत्रें आतां फोनांतच असतात. सातबाऱ्याचें छायाचित्र, पीकविम्याची पावती, बँकेचा संदेश, कृषि केंद्राचें बियाण्याचें बिल: यांतील एक कागद हरवला तर पुढें सहा महिने कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. घरांतील कर्ता पुरुष गेला म्हणजे त्याच्या फोनांत काय आहे हें शोधणें त्या घरच्या बाईला दुःखाच्या पहिल्या आठवड्यांतच भाग पडतें. तेव्हां कांहींहि पुसूं नये, सर्व जपावें, या वृत्तीस केवळ लोभ म्हणून हंसण्यांत अर्थ नाहीं. तिच्या मुळाशीं पुष्कळदां भीति असते, आणि ती भीति अनुभवानें शिकविलेली असते.

तथापि जपणें आणि बरोबर वाहणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. हा भेद आमच्या व्यापाऱ्यांस फार पूर्वींपासून ठाऊक आहे. दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं नव्या वहीची पूजा होते. त्या वहींत जुन्या वहींतील हजारों नोंदी कोणी उतरून काढीत नाहीं. प्रत्येक खात्याची बेरीज करून जी रक्कम उरते तेवढीच पुढें ओढतात. पान संपलें तर 'मागील पानावरून पुढें', आणि वर्ष संपलें तर 'मागील बाकी'. जुनी वही कोणी फेकून देत नाहीं. ती लाल कापडांत बांधून माळ्यावर जाते, आणि वाद उपस्थित झाला तर खालीं येते. परंतु नव्या वर्षांत पाऊल टाकतांना बरोबर यावयाचें तें एवढेंच: कोणाचें देणें आहे आणि कोणाकडून येणें आहे.

या रीतींत एक कष्टाचा भाग आहे, आणि माझ्या मतें सारें मर्म त्यांतच आहे. बाकी काढावयाची तर प्रत्येक नोंद एकदां तरी वाचावी लागते. सबंध नक्कल करणारें यंत्र आपणांस नेमक्या याच श्रमांतून सोडवितें. दहा वर्षांचीं छायाचित्रें पाऊण तासांत पुढें जातात आणि त्यांतील एकाकडेहि पाहावें लागत नाहीं. आपणांस वाटतें, आपण आठवण जपली. वास्तविक आपण ती न उघडतां एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर टाकलेली असते.

न वाचतां नेलेलें आणि वाचून धरलेलें यांत केवढें अंतर आहे, याचें एक उदाहरण आमच्या वऱ्हाडांतच आहे. चक्रधरस्वामी उत्तरापंथास गेल्यानंतर म्हाइंभटानें त्यांच्या आठवणी जमविण्यास आरंभ केला. ज्यांनीं स्वामींस पाहिलें व ऐकलें होतें त्यांस गांवोगांव गांठून, त्यांचें बोलणें पुन्हां पुन्हां विचारून, नागदेवाचार्यांकडून त्याची शहानिशा करून त्यानें इ. स. १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. पुढें चौदाव्या शतकाच्या आरंभींच्या धाडींत मूळ पोथी नाहींशी झाली, असें परंपरा सांगते. त्या वेळीं कोठें दुसरी प्रत सुरक्षित ठेवलेली नव्हती. तरीहि ग्रंथ बुडाला नाहीं. कारण तो हिराइसेसारख्या कांहींजणांस मुखोद्गत होता. त्यांनीं आठवून सांगितला आणि तो पुन्हां लिहिला गेला. हें सारें वाङ्मय आधुनिक वाचकांपुढें प्रथम व्यवस्थित मांडणाऱ्यांत यवतमाळच्या शारदाश्रमाचे यशवंत खुशाल देशपांडे अग्रगण्य होते. त्यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ १९२५ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे पोथी गेली तेव्हां मनुष्यांनीं ती धरली, आणि मनुष्यें गेलीं तेव्हां पुन्हां पोथ्यांनीं ती आमच्या गांवापर्यंत पोंचविली.

यावर कोणी म्हणेल, स्मृतीचा एवढा गौरव कशास? आठवून लिहिल्यामुळेंच तर लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ झाले. हिराइसेच्या नांवानें चालणारा पाठ एक म्हणतो, दुसरा पाठ दुसरेंच म्हणतो, आणि कोणतें मूळचें याचा निर्णय करण्यांत विद्वानांचीं वर्षें गेलीं. यंत्राच्या नकलेंत असा एका अक्षराचा फरक पडत नाहीं. हा आक्षेप खरा आहे व तो मला मान्य आहे. शब्द जसाच्या तसा राहावा, यासाठीं यंत्रासारखा लेखक नाहीं. माझा मुद्दा निराळा आहे. नक्कल शब्द राखते. पण त्या शब्दास कोणी तरी जाणणारा लागतो, आणि तो पुरविणें यंत्राच्या हातीं नाहीं. महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पंथाबाहेरच्यांपुढें त्या पोथ्या कित्येक शतकें मुक्या होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हां त्या बोलूं लागल्या. आजहि तसेंच आहे. व्हॉट्सॲपची राखीव प्रत २०२१ पासून सांकेतिक कुलुपांत ठेवतां येते. तिचा परवलीचा शब्द किंवा ६४ अंकी किल्ली हरवली, तर ती प्रत खुद्द कंपनीसहि उघडतां येत नाहीं. प्रत शाबूत असते, आणि कोणाचीच नसते.

आणखी एका कर्तव्याकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. फोनांत जें असतें तें सर्व आपलें नसतें. मित्रानें आपल्या आजाराविषयीं विश्वासानें लिहिलेला मजकूर, भाचीच्या गुणपत्रिकेचें चित्र, शेजाऱ्यानें पैसे पाठविण्यासाठीं दिलेला खात्याचा क्रमांक: ही दुसऱ्याची ठेव आहे. नक्कल घेतल्यानें मूळ नाहींसें होत नाहीं, हें वर सांगितलेंच. तरीहि आपण जुना फोन चारदोनशें रुपयांच्या सवलतीसाठीं दुकानांत देतों, किंवा कामवालीच्या मुलास खुशालीनें देऊन टाकतों, आणि त्याबरोबर दुसऱ्यांचीं रहस्यें दान करून मोकळे होतों. आतांच्या बहुतेक फोनांत सर्व मजकूर सांकेतिक रूपांतच असतो. फॅक्टरी रीसेट केलें कीं त्याची किल्लीच नष्ट होते आणि मागें उरतात ते निरर्थक अंक. पांच मिनिटांचें हें काम आहे. वाहून नेण्याचा हक्क ज्यास हवा, त्यानें पुसून टाकण्याचें ओझेंहि उचललें पाहिजे.

परंतु पुसण्यापूर्वीं सारें आलें कीं नाहीं हें पाहावें लागतें, आणि म्हणून मीं त्या आठवड्यांत रोज रात्रीं दोन्ही फोन घेऊन बसलों. जें दुकानांत टाळलें होतें तें घरीं करावें लागलें. नांवांची यादी पाहतां पाहतां 'आई' या नांवापाशीं आलों आणि थबकलों. नांवापुढें मोटारसायकलवर बसलेल्या एका अनोळखी तरुणाचें छायाचित्र होतें. माझी आई जाऊन दोन वर्षें झालीं. बंद पडलेला नंबर निदान ९० दिवस तसाच ठेवून मग दुसऱ्यास द्यावा, असा आपल्याकडे दूरसंचाराचा नियम आहे. त्याप्रमाणें तो कोणास तरी मिळाला असावा. त्या तरुणाचा कांहींच अपराध नव्हता. मला मात्र वाटलें, इतके दिवस मीं जें आईचें म्हणून जपून ठेवलें होतें तें तिचें नव्हतेंच. तें उसनें होतें, आणि ज्याचें त्यानें परत नेलें होतें.

त्याच नांवाखालीं तिच्या आवाजांतील अकरा निरोप होते. ते नव्या फोनांत जसेच्या तसे आले होते. तिच्या मृत्यूनंतर मीं त्यांतील एकहि ऐकला नव्हता. ते आहेत, एवढ्यावरच माझें समाधान होतें. त्या रात्रीं सर्व ऐकले. त्यांत थोर असें कांहीं नव्हतें. येतांना औषध आण, उशीर होईल तर कळव, एवढेंच. नवव्या निरोपांत ती म्हणत होती, "अरे, कळंबला जाशील तेव्हां ती शिवलीलामृताची पोथी देऊन ये. श्रावणापुरती म्हणून आणली होती. माझ्यानें आतां जाववत नाहीं." त्याखालीं माझें उत्तर होतें: "हो." पोथी अजून देवघराच्या फळीवर होती.

दुसऱ्या रविवारीं मी कळंबला गेलों. चिंतामणीच्या देवळाच्या अलीकडे आईच्या त्या मैत्रिणीचें घर आहे. त्यांनीं पोथी घेतली, कपाळाला लावली व आपल्या जागीं ठेवली. मीं उशीराबद्दल क्षमा मागितली, तेव्हां त्या म्हणाल्या, "पोथीचं काही नाही रे. ती गेल्याचं मला चार महिन्यांनी दुसऱ्याकडून कळलं. एक फोन करायचा होतास." मला उत्तर सुचलें नाहीं. त्यांचा नंबर माझ्या दोन्ही फोनांत होता.

आईचे अकराहि निरोप मीं ठेवले आहेत. ते पुसावे असें माझें म्हणणें नाहीं. जुनी वही कोणी जाळीत नाहीं. पण ते राखल्यानें मी तिचा ऋणमुक्त झालों नव्हतों, आणि ते हरवले असते तरी तें ऋण फिटलें नसतें. माझ्या वहींत पुढें ओढावयाची बाकी एका पोथीची आणि एका फोनची होती. ती दोन वर्षें एकाहि बेरजेंत आली नाहीं, कारण मीं बेरीजच केली नव्हती. त्या दुकानांतील तरुणानें पुन्हां कधीं विचारलें, तर मी त्यास हेंच सांगेन कीं, बाबा, सगळाच डेटा घे. पण जुना फोन आजच परत मागूं नकोस. मला आधीं तो वाचावयाचा आहे.