रुक्मिणीहरण आणि ‘राक्षस’ विवाह

श्रीकृष्ण चक्रवर्तींनी रुक्मिणीदेवींचे हरण केले, तेव्हा तो राक्षस विवाहच नव्हे काय, असे जिज्ञासू वारंवार विचारितात. प्रश्न टाळण्यासारखा नाही. कारण भागवताच्या दशम स्कंधात खुद्द देवींच्या पत्रातच ‘राक्षस विधी’ हा शब्द आला आहे.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आठ विवाह सांगितले आहेत. ब्राह्म, दैव, आर्ष व प्राजापत्य या चारांत कन्येचे दान होते. आसुरात वर धन देऊन तिला नेतो. कन्येची इच्छा लक्षणात शिरते ती केवळ गांधर्वात. राक्षसात मात्र शिरतो तिचा आक्रोश: आप्तांस मारून, घर फोडून, रडणाऱ्या कन्येस बळाने नेणे. पैशाचाविषयी तर बोलावयासच नको.

आता कुंडिनपुरात रडले कोण? रुक्मीने बहिणीस शिशुपालास देण्याचे ठरविले, तेव्हा तिला कोणी विचारिले नव्हते. देवींनी ब्राह्मणाहाती पत्र धाडिले. अंतःपुरातून नेल्यास आप्तांचा वध होईल, म्हणून विवाहाच्या आदल्या दिवशी अंबिकेच्या दर्शनास कुळरीतीप्रमाणे नगराबाहेर जाईन, तेथून न्यावे, हा उपायही त्यांनीच सुचविला. पुढे पाठलाग करणाऱ्या रुक्मीचे प्राण त्यांच्याच विनवणीने वाचले. म्हणजे आक्रोशही नाही आणि भावाचा वधही नाही. नाव राक्षसाचे, गाभा गांधर्वाचा. क्षत्रियांस हे दोन विवाह वेगवेगळे वा मिश्र विहित आहेत, असे तोच अध्याय सांगतो. द्वारकेस पुढे यथाविधी लग्नही लागले. महदाइसांच्या धवळ्यांतील नवरी ती हीच; आणि ते धवळे आवडीने गाणाऱ्या काही घरांतही स्थळ पक्के झाल्यावरच मुलीच्या कानी घालितात, हे नवलच म्हणावयाचे.

याउलट काशिराजाची कन्या अंबा. स्वयंवर मांडलेले असता भीष्मांनी तिघी बहिणींस विचित्रवीर्यासाठी बळाने रथात घातले. अंबेने मनाने शाल्वास वरिले होते, हे हस्तिनापुरी पोचल्यावर कळले. तिला जाऊ दिले खरे. परंतु दुसऱ्याने जिंकून नेलेली म्हणून शाल्वाने तिला नाकारिले. व्रतस्थ भीष्मांकडे उपाय नव्हता आणि लाजेने तिला पितृगृहीही परतवेना. ती तपोवनाकडे वळली.

शास्त्रकारांच्या गणतीत या दोन्ही हरणांस नाव एकच आहे.