मृदंगाचे मोल कोणी द्यावे?

गेल्या माघी वारीत हरिपाठ आटोपून आम्ही वाळवंटातून फडाकडे परत येत होतो. एक तरुण मृदंगी आमच्या बरोबरीने चालू लागला. थोडे अंतर गेल्यावर तो पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, एक विचारू का? मी तालुक्याच्या गावी खोली भाड्याने घेऊन पोरांना पखवाज शिकवतो. महिन्याला फी घेतो. सप्त्याचं बोलावणं आलं तर किती देणार ते आधी विचारतो. आमच्या गावची माळकरी मंडळी म्हणतात, तू देवाची विद्या विकतोस. मला दोष लागतो का?"

रस्त्याने चालता चालता उत्तर द्यावे असा हा प्रश्न नव्हे. आम्ही त्यास काल्यानंतर यावयास सांगितले. परंतु त्या रात्री आम्हास झोप आली नाही, हे वाचकांपासून लपविण्यात अर्थ नाही. चाळीसहून अधिक वर्षे आम्ही नारदांच्या गादीवर उभे राहतो आहोत, आणि या प्रश्नाचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे असे आम्ही इतकी वर्षे समजत होतो.

पूर्वपक्ष तर उघडच आहे. कीर्तनाबद्दल द्रव्य घेऊ नये, देऊही नये, असा श्रीतुकोबारायांचा स्पष्ट आदेश आहे, आणि त्यावर वारकऱ्यास शंका नाही. धर्मशास्त्रही तेच सांगते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धास वर्ज्य मंडळींची जी यादी आहे, तीत वेतन घेऊन शिकविणारा भृतकाध्यापक आहे, आणि गाण्यानाचण्यावर पोट भरणारा कुशीलवही आहे. म्हणजे आमचा तरुण दोन्हीकडून सापडला. शिकवितोही आणि वाजवितोही.

आता दुसरी बाजू पाहा. कालिदासाच्या मालविकाग्निमित्र नाटकात गणदास आणि हरदत्त असे दोन नाट्याचार्य आहेत. त्यांत गणदास मोठ्या तोऱ्याने सांगतो की, ज्याची विद्या केवळ उपजीविकेसाठी आहे तो ज्ञानाचा दुकानदार होय. हे वचन आम्ही पाठशाळेत शिकलो आणि पुढे कीर्तनात पुष्कळदा वापरले. पण गुरुजींनी त्या वेळी एक गोष्ट दाखविली होती, ती आम्ही सोयीने विसरलो. गणदास हा स्वतः राजाचा पगारी नोकर आहे! त्याच अंकात विदूषक राणीला म्हणतो की, या दोघांची झुंज पाहू तरी, नाहीतर यांना फुकट पगार कशाला द्यायचा? तेव्हा पगार घेणारा मनुष्यच हे बोलतो आहे, आणि कवीला त्यात विसंगती वाटत नाही. का वाटत नाही? गुरुजी म्हणत, "अरे, श्लोकातला 'केवळ' शब्द खाऊ नका. सगळा अर्थ त्याच्या पोटात आहे." आम्ही तो बरीच वर्षे खाल्ला.

याचा अनुभव सांगतो. सन १९८९ ची गोष्ट. गोदाकाठच्या एका गावी सप्ताहात पाचव्या दिवशी आमचे कीर्तन होते. साथीला तात्या म्हणून आमच्याहून दहाबारा वर्षांनी वडील असे मृदंगी होते. भूमिहीन मनुष्य, पण हात असा की धृपदाला टाळकऱ्यांचे पाय आपोआप उचलावेत. कीर्तन रंगले. आरती झाली आणि गावच्या पंचांनी नारळ व पाकीट पुढे केले. आम्ही ध्वनिक्षेपकावरच सांगितले, "आम्ही काही घेत नाही. आमच्या मेळ्यातले कोणीही काही घेत नाही." मंडपात टाळ्या पडल्या. आम्हास फार बरे वाटले.

सकाळी एस.टी.च्या थांब्यावर उभे होतो. तात्या मृदंगाला पासोडी गुंडाळीत होते. मान वर न करता म्हणाले, "बुवा, तिकिटापुरतं काही हाय का?" सुगीचे दिवस होते. दोन दिवसांची मजुरी बुडवून ते आले होते, आणि रात्री उजवीकडची पुडी फाटली होती ती वेगळीच. पुडी म्हणजे काय हे श्रोत्यांस ठाऊक नसते. कातडे, वर शाई, कडेला गजरा, आणि तो घट्ट ओढणारी वादी, हे सगळे विकत घ्यावे लागते. डाव्या बाजूला कणीक लावतात तीसुद्धा घरच्या पिठातून जाते. आम्ही पैसे दिले आणि म्हटले, "तात्या, रात्री बोलला असता तर?" ते म्हणाले, "तुमी मंडपात बोलून गेल्यावर म्या काय बोलावं? बुवा, तुमचं व्रत तुमचं. माझं तुमी कवा घेतलं?"

त्यात राग नव्हता. पुढच्या एकादशीस त्यांनी तिकिटाचे पैसे मोजून परत केले, आणि आम्ही ते घेतले. नको म्हणावयास पाहिजे होते असे आज वाटते. त्या दिवशी तेही सुचले नाही.

लवकुशांची कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली आहे. उत्तरकांडात त्यांचे रामायणगायन ऐकून श्रीरामचंद्र त्यांस अठरा हजार सुवर्णमुद्रा देऊ करतात आणि ती बाळे ते घेत नाहीत. या ठिकाणी आम्ही थांबतो, डोळे पुसतो, विठ्ठलनामाचा गजर करतो. परंतु नाकारताना ती मुले कारण सांगतात, ते आम्ही कधी सांगत नव्हतो. आम्ही वनवासी, कंदमुळांवर राहणारे, आम्हास सोन्याचे काय काम, असे ते कारण आहे. म्हणजे त्यांच्या पोटाची सोय वाल्मीकींच्या आश्रमात झालेली होती.

तशी आमचीही झालेली होती. घरी अडीच एकर कोरडवाहू जमीन. आमच्या वडील बंधूंनी जन्मभर नांगर धरला, वहिनींनी भाकरी थापल्या, आणि आम्ही गावोगाव निःस्पृह म्हणून मिरवलो. बंधूंनी कधी बोलून दाखविले नाही. मामासाहेब दांडेकरांचे उदाहरण आमचे लोक नेहमी देतात. त्यांची थोरवी आम्ही काय वर्णावी? पण ते महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवीत, प्राचार्य होते, आणि चरितार्थ त्या नोकरीवर चाले. गोरोबांचे चाक होते, सावतोबांचा मळा होता, नामदेवरायांच्या घरी शिंप्याची सुई होती. आपापला धंदा सांभाळून ही मंडळी भजन करीत. आता ज्याचा धंदाच मृदंग आहे त्याने काय करावे? त्याचे चाक तेच आणि देव्हाराही तोच. गोरोबांस मडके फुकट द्या असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

यावर कोणी म्हणेल, मग सगळेच बाजारात काढा. तसे नव्हे. येथे मीमांसकांचा एक विचार फार उपयोगी पडतो. यज्ञात ऋत्विजांना दक्षिणा द्यावी लागते. मीमांसक तिला भीडभाड न ठेवता परिक्रय म्हणतात, म्हणजे मोल देऊन कामास लावणे. फळ यजमानाचे, श्रम ऋत्विजाचे, म्हणून दक्षिणा. परंतु सत्र नावाचा यज्ञ असतो, त्यात सतरा ते चोवीस जण बसतात आणि ते सगळेच यजमान असतात. तेथे दक्षिणा नाही. कोणी कोणास द्यावी?

आमची दिंडी हे सत्र आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीस माउलींची पालखी आळंदीहून निघते. तेव्हापासून वाखरीपर्यंत विणेकरी, टाळकरी, मृदंगी, डोक्यावर तुळस घेतलेली माउली, सगळे आपापल्या पायाने आणि आपापल्या फळासाठी चालतात. पावसाने मृदंगाचे कातडे उतरते, तो बिचारा रस्त्याच्या कडेला बसून गठ्ठे ठोकीत सूर चढवितो आणि धावत पुन्हा दिंडीत मिळतो. तेथे त्याने मोल मागितले तर आम्हीही त्याला बोलू. पण तोही मागत नाही. आजवर मागणारा आम्ही पाहिला नाही.

गावच्या सप्ताहाची गोष्ट निराळी. गावाने फोन करून त्यास बोलाविले, त्याच्या आठ दिवसांच्या शिकवण्या बुडाल्या, आणि 'आमच्या गावचा सप्ताह दणक्यात झाला' हे समाधान गावाने घेतले. तेथे तो ऋत्विज आहे. मंडपवाल्याचे बिल गाव बिनतक्रार देते. ध्वनिक्षेपकाचे देते, जनित्राचे देते, आचाऱ्याचे देते. मृदंगवाल्याची पाळी आली म्हणजे मात्र सर्वांस एकदम निष्काम भक्ती आठवते. आणि आमच्या धंद्यातील काही मंडळी फोनवर आपला आकडा ठरवितात व त्यातून साथीदाराच्या हातावर चार नोटा ठेवतात, त्याविषयी आम्ही येथे लिहीत नाही. ज्याचे त्यास ठाऊक आहे.

सन २०२० मध्ये महामारीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.ने पंढरीस नेल्या. सन २०२१ मध्येही तसेच झाले. गावोगावचे सप्ताह बंद पडले. त्या काळात आम्हास पुष्कळांनी धान्य पाठविले, कारण आमचे नाव पत्रिकेवर ठळक असते. मृदंग्याचे नाव तळाशी बारीक अक्षरात असते. आमच्या माहितीचे दोघे द्राक्षबागेत औषध फवारण्यास गेले. एकाने मृदंग गहाण ठेवला. तो सोडविण्यास त्यास दीड वर्ष लागले, आणि हात पूर्वीसारखा बसला नाही असे तो स्वतः म्हणतो. हा दोष कोणाच्या नावावर मांडावा? विद्या विकणाऱ्याच्या की फुकट ऐकणाऱ्यांच्या?

शिकविण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तेथे समोर गाव नसून लहान मूल असते. वै. विष्णुबुवा जोग महाराजांनी सन १९१७ मध्ये आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेथे मुलांनी माधुकरी मागावी आणि विद्या घ्यावी अशी चाल पडली. म्हणजे मुलाच्या पोटाची जबाबदारी आळंदीच्या घरांनी उचलली होती. तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत शिकविणाऱ्याच्या मागे अशी घरे उभी नसतात. खोलीचे भाडे महिन्याच्या महिन्याला थकते.

काल्याच्या दुसरे दिवशी तो तरुण आला. आम्ही त्यास वरील सर्व सांगितले. म्हटले, "बाळा, फी घे. गावाला आकडाही सांग, लाजू नकोस. गावाने तो न मागता द्यावयास पाहिजे होता, देत नाहीत म्हणून तुला सांगावा लागतो. तुझा दोष नाही. पण आम्ही जो 'केवळ' शब्द सांगितला तो ध्यानात धर. ज्याला फी देता येत नाही असा एखादा मुलगा तुझ्याकडे आहे का?"

"आहे. वीटभट्टीवरच्या माणसांचं पोरगं. त्याची फी घेत नाही मी."

"मग बरे आहे की."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "महाराज, खरं सांगू? त्याला मी मागच्या रांगेत बसवतो. फीवाल्यांना आधी बोल देतो. वेळ उरला तर त्याला."

"हात कसा आहे त्याचा?"

"माझ्यापेक्षा चांगला," असे तो खाली पाहून म्हणाला.

यावर काय बोलावे हे आम्हास सुचले नाही. तात्यांची आठवण झाली. त्याच्या दिंडीची माणसे हाका मारू लागली तेव्हा त्याने मृदंग खांद्यास लावला आणि पाया पडला. आषाढीस तो आमच्या फडावर साथीला येणार आहे. येताना त्या मुलास घेऊन ये, असे आम्ही सांगितले आहे. दोघांच्या भाड्याचे आम्ही पाहू.