कपाळीचा लेख आणि बाळाची मान

सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, ही श्रद्धा महाराष्ट्रात जुनी आहे. अशाच एखाद्या घरात चार महिने उलटूनही बाळ मान धरत नाही, तेव्हा "धरेल की, नशिबात असेल तसं होईल" असे म्हणून विषय मिटवला जातो. हा धीर श्रद्धेतून येतो असे आपण समजतो. मला तो श्रद्धेचा गैरवापर वाटतो. कपाळीचा लेख माणसाला वाचता येत नाही, हेच त्या श्रद्धेचे मर्म; मग बाळाची मागे पडलेली हालचाल हाच तो लेख, हे ठरवले कोणी? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. त्यांत कर्ता, साधने आणि प्रयत्न आधी येतात, दैव पाचवे.

प्रत्येक मूल आपल्या गतीने वाढते, हा आक्षेप मात्र खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 मधील अभ्यासात निरोगी मुले सुमारे 8 ते 18 महिन्यांच्या दरम्यान केव्हाही एकटी चालू लागलेली दिसली. काही तर रांगलीच नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वयही प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासूनच मोजायला हवे. पण एवढ्या मोठ्या मुदतीलाही शेवट असतो, आणि काही खुणांना मुदत लावताच येत नाही. तीन-चार महिन्यांनंतरही सतत आवळलेल्या मुठी, उचलताच ताठ होऊन एकमेकांवर चढणारे पाय, लुळे अंग, येत असलेली हालचाल नाहीशी होणे. वर्षाच्या आत बाळ सगळे एकाच हाताने धरू लागले की घरात कौतुक होते. तिथे दुसऱ्या हाताकडे बघायला हवे.

मुलाला असे पारखणे प्रेमाला शोभत नाही, निदान झाले की आईला बोल लागतो, असेही म्हणतात. बोल लावते ती पूर्वकर्माची भाषा. तपासणी कोणाचेही पाप मोजत नाही. अशा खुणांमागे असू शकणारी सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे हालचालीवर येणारी मर्यादा, औषधाने पुसली जात नाही, हे मान्य. तरी पहिल्या वर्षांत मेंदू झपाट्याने घडत असतो, आणि तेव्हाच सुरू केलेल्या व्यायामाने हालचाल सुधारू शकते, सांधे आखडणे कमी करता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून विकासातील विलंबाचीही तपासणी होते, तीही मोफत. शंका आली तर पुढच्या लसीच्या तारखेपर्यंत थांबू नका. अंगणवाडीताईंना सांगा, बाळाला डॉक्टरांकडे न्या.