संसाराचे चढउतार आणि समत्वाचा प्रश्न

आज अंगात कणकण आहे तर उद्या बरे वाटते, एका हंगामात हाती चार पैसे खेळतात तर पुढच्या हंगामात किराणा उधारीवर आणावा लागतो, घरात कधी एकमेकांवाचून घास उतरत नाही तर कधी एकाच चुलीपाशी अबोला धरून माणसे बसतात; संसारातील या नित्याच्या चढउतारांना धर्मदृष्टीने काही मोल आहे किंवा नाही, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक भासतो, आणि म्हणूनच जन्ममरण, बंधमोक्ष, जीव आणि ब्रह्म या महाप्रश्नांवर आपल्याकडे जेवढा ऊहापोह झाला त्याच्या शतांशही विचार याच्या वाट्यास आला नाही. परंतु सामान्य मनुष्य देवापाशी जातो तो बहुधा या क्षुल्लक म्हटल्या जाणाऱ्या गोष्टींसाठीच जातो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे सरोवराच्या काठी असलेल्या कमळजादेवीला नवरात्रात जी मंडळी झाडीतली पायवाट उतरून जातात, त्यांतील मोक्ष मागणारे किती असतील ते असोत. पोराचा ताप उतरू दे, सुनेची कूस उजवू दे, यंदा सोयाबीनला भाव मिळू दे, म्हाताऱ्याला दोन घास गोड लागू देत, अशीच मागणी बहुतेकांच्या ओठी असते. अशा भक्तीला सकाम म्हणून खालच्या पायरीवर बसविण्याची आपली जुनी वहिवाट आहे. ती वहिवाट मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सांगण्यासाठी लोणारइतके योग्य स्थळ मला दुसरे दिसत नाही.

लोणारला पाण्याची दोन रूपे अगदी शेजारी-शेजारी नांदतात. वर धारेवर गोमुखातून गोड पाण्याची बारमाही धार कोसळते. यात्रेकरू तिच्याखाली डोके धरतात, आया पोरांना बळेच पुढे ओढतात, पोरे पहिल्या थेंबाला किंचाळतात आणि मग बाहेर निघायला तयार होत नाहीत. तेथून खाली उतरले की खारे सरोवर लागते. उल्कापाताने काळ्या बेसॉल्ट खडकात पडलेले हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे आणि काठापासून सुमारे दीडशे मीटर खोल आहे. त्याचे वय पूर्वी पन्नास-बावन्न हजार वर्षे धरीत, पुढे अधिक सूक्ष्म कालमापनाने ते पाच लाख सत्तर हजार वर्षांच्या आसपास गेले. त्याच्या पाण्याचा सामू दहाच्या आगेमागे असतो, मासा त्यात जगत नाही, मात्र नीलहरित शैवाल त्यात भरभरून वाढते. आता विचार करण्याजोगी गोष्ट ही, की या सरोवरात उतरणारे पाणी मुळात खारे नाही. पावसाचे पाणी गोड, झऱ्यांचे गोड, धारेचे तर लोक ओंजळीने पितात. तेच पाणी तळाशी येऊन खारे होते, कारण त्याला आत येण्याच्या वाटा अनेक असून बाहेर जाण्याची वाट एकही नाही. ऊन पाण्याचा अंश तेवढा उचलून नेते आणि क्षार मागे राहतात. असे वर्षानुवर्षे, सहस्रकानुसहस्रके चालले आहे.

जून 2020 मध्ये हे पाणी गुलाबी झाले तेव्हा कोणी अरिष्टाचे चिन्ह मानले, कोणी देवीचा कोप म्हटला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून निष्कर्ष काढला तो असा, की पाणी आटून खारटपणा वाढल्यामुळे क्षारप्रिय सूक्ष्मजीव माजले होते आणि रंग त्यांचा होता. त्याच वर्षी या सरोवराला रामसर यादीत आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून स्थान मिळाले. रंग अर्थातच टिकला नाही. लाखो वर्षांच्या सरोवरालाही एक उन्हाळा सोसवत नाही आणि एक पावसाळा पुन्हा रूप देतो, हे ध्यानात घेतले म्हणजे साठ-सत्तर वर्षांच्या देहधारी मनुष्याने हंगामागणिक बदलू नये अशी अपेक्षा करणे किती अवास्तव आहे ते कळते.

पुराणकथेत हे स्थान लवणासुराचे. विष्णूने त्याचा वध केला, म्हणून तो दैत्यसूदन झाला, आणि त्याच्या नावाचे शिल्पसमृद्ध मंदिर गावात उभे आहे. परंतु असुर मारला गेला तरी त्याचे लवण काही नष्ट झाले नाही. ते माणसांच्या घरी कामाला आले. अकबराच्या काळी वऱ्हाडच्या सुभ्यात मेहकर सरकारची नोंद करताना ‘आईन-इ-अकबरी’त लोणारच्या देवस्थानाबरोबरच तेथील काच आणि साबण करण्याच्या द्रव्यांचा आणि खाराच्या उत्पन्नावरील सरकारी महसुलाचाही उल्लेख आला आहे. देवस्थान आणि जमाबंदी एकाच नोंदीत यावीत यात मला काहीच विपरीत वाटत नाही. सरोवरातील क्षार मुख्यत्वे सोड्याचे, म्हणजे ज्या जातीचा खार आपल्या घरी पापडाच्या पिठात पडतो त्याच जातीचे. तो खार कमी पडला तर पापड फुलत नाही, अधिक झाला तर तळताना लाल पडतो आणि जिभेला कडवट लागतो. पीठ मळणारी बाई चिमटीने खार घेते, लाटीचा एक कण चाखते, थोडा थांबून विचार करते आणि मग आणखी चिमूटभर घालते किंवा घालीत नाही. असुराच्या देहाचे असे माप तिने आपल्या चिमटीत धरले आहे.

कमळजादेवीच्या परिसरात एक विहीर आहे, तिला लोक सासू-सुनेची विहीर म्हणतात. तिच्या एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारे, अशी तिची ख्याती. गोड बाजू सासूची की सुनेची याचा निकाल कोणी लावीत नाही, आणि तो न लावण्यातच या नावाचे शहाणपण आहे. कारण ज्या घरात दोघी पंचवीस वर्षे एकत्र राहिल्या त्या घरात गोड-खाऱ्याचा हा वाटा किती वेळा इकडचा तिकडे झाला असेल त्याची गणती नाही. सुनेच्या बाळंतपणात रात्र-रात्र जागणारी सासू पुढे तिच्याच हातचा चहा नाकारते, आणि तोंडाला तोंड देणारी सून सासूच्या अंथरुणाला खिळलेल्या दिवसांत तिचे सगळे करते. कुटुंब म्हणजे असेच एका विहिरीतले पाणी.

आता समत्वाच्या उपदेशाकडे वळू. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला सांगितले की विषयांचे स्पर्श शीत-उष्ण, सुख-दुःख देणारे, येणारे-जाणारे आणि अनित्य आहेत, ते सहन कर. भगवान बुद्धांनीही लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-प्रशंसा, सुख-दुःख अशा आठ लोकधर्मांचा निर्देश करून त्यांच्यामुळे न डळमळणारे चित्त श्रेष्ठ मानले. या उपदेशाच्या थोरवीविषयी मला तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती आपण त्याचा जो उपयोग करतो त्याविषयी. सहन करण्याचा हा उपदेश ज्याला केला तो रणांगणावर सशस्त्र उभा असलेला, कर्तव्याच्या ऐन क्षणी खचलेला क्षत्रिय होता, आणि तो करणारा त्याच्या रथाचे लगाम हाती धरून त्याच बाणांच्या टप्प्यात बसला होता. आपण मात्र तोच उपदेश भरल्या पोटी उपाशी माणसाला करतो, निरोगी अवस्थेत आजाऱ्याला करतो, आणि वर त्याला धर्म म्हणतो.

शिवाय त्याच गीतेचा सहावा अध्याय आपण तितक्या आवडीने वाचीत नाही. तेथे भगवंत स्पष्ट सांगतात की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. आहार, विहार, कर्म, झोप आणि जागृती ही सारी मापात असावी लागतात. ज्ञानेश्वर माउलींनी या ठिकाणी जेवण्यापासून चालण्या-बोलण्यापर्यंत आणि झोपण्यापर्यंत एकेका गोष्टीच्या मापाचा विचार केला आहे. तैत्तिरीय उपनिषदातील भृगूची कथा तर याहून बोलकी आहे. वरुणाचा हा पुत्र ब्रह्माचा शोध घेताना प्रथम अन्न हेच ब्रह्म असे जाणतो, मग प्राण, मन, विज्ञान अशा पायऱ्या चढत अखेर आनंदापाशी पोहोचतो; येथे ग्रंथ संपावयास हरकत नव्हती. पण उपनिषद तेथून पुन्हा अन्नाकडेच वळते आणि व्रते सांगते: अन्नाची निंदा करू नये, अन्न अव्हेरू नये, अन्न पुष्कळ पिकवावे, दारी आलेल्यास विन्मुख पाठवू नये. आनंदाच्या शिखरावर जाऊन आलेल्याला चुलीपाशी परत आणून बसविणारा हा ग्रंथ ज्या परंपरेचा पाया आहे, त्या परंपरेत बाजरीची भाकरी आणि पोराचा ताप यांच्यासाठी केलेली प्रार्थना हलकी कशी ठरते?

आरोग्याबाबत सुश्रुताने निरोगी पुरुषाचे जे लक्षण केले आहे त्यात दोष, अग्नी, धातू यांच्या समतेबरोबर आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नताही मोजली आहे. ही समता एकदा मिळवून कुलुपात ठेवता येत नाही. आयुर्वेदाने तिच्यासाठी दिनचर्या सांगितली, ऋतुचर्या सांगितली, म्हणजे ती रोज ढळणार आणि रोज सावरावी लागणार हे गृहीतच धरले. गीतेतील समत्वही मी असेच समजतो. न ढळणारा मनुष्य मी पाहिलेला नाही. ढळून सावरणारे पुष्कळ पाहिले, आणि त्यांतील बहुतेकांना आपण काही साधना करीत आहोत याची जाणीवही नव्हती.

कामधंद्याचा विचार या मुलखात शेतीवाचून होऊ शकत नाही. कापूस, सोयाबीन, तूर यांवर ज्याचे वर्ष अवलंबून, त्याचे सुखदुःख पावसाच्या एका ओढीवर ठरते आणि मग पैसेवारीच्या, म्हणजे पिकाच्या सरकारी अंदाजाच्या, रकान्यात जाऊन बसते. पन्नास पैशांच्या खाली नोंद झाली तर दुष्काळ, वर झाली तर नाही, असा निकाल बरीच वर्षे लागे, मग घरची कणगी काय सांगते ते सांगो. वऱ्हाडात कर्जापायी किती शेतकऱ्यांनी स्वतःचा जीव घेतला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि ते लिहिताना माझा हात जड होतो. अशा माणसाच्या दारी जाऊन लाभ-हानी समान मान म्हणून सांगणे हा अधर्म आहे असे मी विचारपूर्वक म्हणतो. समत्व हे ज्याने त्याने स्वतःपुरते घ्यावयाचे व्रत आहे. दुसऱ्याच्या बाबतीत आपल्याकडे फक्त दया, मदत आणि न्याय एवढेच शिल्लक उरते.

सरोवराला बाहेर वाट नाही म्हणून गोड पाणी खारे होते, हे वर सांगितले. मनुष्याच्या मनाला अशी वाट कशी मिळते याचे मराठी मुलखातले सर्वांत मोठे उदाहरण देहूचे आहे. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचे दुकान बसले, गुरेढोरे गेली, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, पत गेली. घरात सावकारीचे खत-रोखे होते. इतरांकडून येणे असलेले पैसे, म्हणजे बुडत्या घराला उरलेला एकमेव आधार. परंपरा सांगते की तुकोबांनी धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा हिस्सा त्याला देऊन टाकला आणि आपल्या अर्ध्या हिश्श्याचे कागद इंद्रायणीत सोडले. एरवी ज्याच्यावर एवढे कोसळले तो इतरांवरचा हक्क अधिकच घट्ट धरतो. प्रत्येक दुःखाबरोबर त्याच्या मनात एक येणे साचत जाते, आणि ते साचता साचता माणूस कडवट होतो. तुकोबांनी ते येणेच सोडून दिले. ज्या कुळांची नावे त्या कागदांवर होती तीही त्याच दुष्काळात होरपळत होती, हे येथे विसरू नये. म्हणजे स्वतःच्या मनाला वाट करून देताना त्यांनी दुसऱ्याच्याही घराला वाट करून दिली. समत्वाचा हा अर्थ मला पटतो, कारण त्याची किंमत उपदेश करणाऱ्याने स्वतः मोजली आहे.

तरीही एक गोष्ट सांगितल्याविना मला पुढे जाववत नाही. ते कागद बुडाले तेव्हा त्यांच्याबरोबर दुसरी पत्नी जिजाई हिच्या घरातली उद्याची ज्वारीही बुडाली. तुकोबा डोंगरावर एकांतात जाऊन बसत, आणि जिजाई भाकरी बांधून त्यांना शोधीत उन्हातून काट्याकुट्यांतून वर जाई, ही कथा सर्वश्रुत आहे. तितकीच सर्वश्रुत आहे ती तिच्या जिभेची तिखटाई. कीर्तनात तिचे नाव निघाले की श्रोत्यांत हशा पिकतो. मला त्या हशात सामील होता आलेले नाही. पोरांच्या तोंडी काय घालावे, पीठ कोणाकडून उसने आणावे, आजाऱ्याला पेज कशाची करावी, हे सारे चढउतार त्या घरात तिने एकटीने उचलले, आणि ते उचलताना ती विठ्ठलाला बोलली. ते तिचे बोलणे म्हणजे देवाशी असलेले खरेखुरे भांडण होते, आणि भांडण नाते असल्याविना होत नाही. कमळजेच्या दारात कपाळ टेकून पोराच्या तापाबद्दल देवीला दोन शब्द सुनावणारी वऱ्हाडातली माय याच जिजाईच्या वंशातली आहे. आपल्या धर्मविचाराने तुकोबांच्या समत्वाचे वर्णन अनेक प्रकारे केले. ज्या भाकरीवर ते समत्व उभे राहिले तिच्याविषयी आणि ती थापणाऱ्या हातांविषयी तितक्या आदराने लिहिण्याचे काम अजून बरेच बाकी आहे.